कॉमेंटमध्ये ‘का’ लिहिण्याची पार्श्वभूमी

कॉमेंट म्हणजे प्रोग्राममध्ये वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप; यंत्र ती सोडून देतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७५ साली बाहेर पडलेल्या सहाव्या आवृत्तीत अशी एक कॉमेंट आहे: ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.’ एका प्रोसेसकडून (चालू प्रोग्रामकडून) दुसरीकडे प्रोसेसरचा ताबा सोपवणाऱ्या फंक्शनमधली, म्हणजे कोडच्या तुकड्यातली, ही ओळ प्रोग्रामर आजही एकमेकांना सांगतात, बहुतेकदा लिहिणाऱ्याचा तोरा म्हणून. तिच्या वरच्या ओळी मात्र फारसं कुणी सांगत नाही. स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांची नोंद ठेवणारी मेमरीतली जागा, कुठवर मागे न्यायचा आणि फंक्शन संपल्यावर नेमकं कुठे परतायचं, हे तिथे सरळ लिहिलेलं आहे.

‘हे परीक्षेत येणार नाही’ अशा सुरात ती ओळ लिहिली होती, असा खुलासा युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी पुढे केला. खरी अडचण वेगळीच होती, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं. पीडीपी-११ यंत्रावरचा कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे, नेहमी एकाच पद्धतीने जपून ठेवायचा, म्हणून स्टॅक मागे नेण्याची ती युक्ती चालून जात होती. युनिक्स इंटरडेटा या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेताना तिथल्या कंपायलरची रीत निराळी निघाली आणि युक्तीचा आधारच गेला. सातव्या आवृत्तीत तो भाग नव्याने लिहावा लागला. समजावून सांगताना लेखणी जिथे अडली, दोष नेमका तिथेच होता. कॉमेंट लिहिण्याच्या बाजूने मला यापेक्षा मोठा पुरावा माहीत नाही.

कॉमेंटची सोय त्याहून बरीच जुनी. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत, कोड ज्यावर भोकं पाडून लिहीत त्या पंच कार्डाच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर असलं की कंपायलर ते कार्ड सोडून द्यायचा. व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती साठवायच्या जागेचं, नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं, त्यामुळे अर्थ सांगायला दुसरी जागा नव्हतीच. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेच्या वाटेने आलेल्या कोबोल भाषेने तीस अक्षरांपर्यंतची नावं आणि इंग्रजी वाक्यांसारखी रचना दिली. कोड वाचला की काम कळावं, ही त्यामागची आशा. काम कळायचंही. ते तसंच का केलंय, एवढं मात्र वाक्यात मावत नसे.

ही उणीव वर्गात भरून काढली ती सिडनीत. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या गाभ्याचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर वेगळं भाष्य लिहिलं. मूळ संहिता आणि तिच्यावरची टीका, हा आपल्या ओळखीचा प्रकार. सातव्या आवृत्तीच्या परवान्यात युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टीने वर्गात कोड शिकवायला मनाई केली, तेव्हा या भाष्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या. रीतसर प्रकाशनाला १९९६ उजाडलं. मधल्या काळात, १९८४ मध्ये, डोनाल्ड क्नुथ यांनी प्रोग्राम माणसाला वाचण्याच्या क्रमाने, निबंधासारखा लिहावा अशी मांडणी केली. अक्षरजुळणीची आपली टेक प्रणाली त्यांनी तशीच लिहिली होती. पद्धत फार पसरली नाही. चांगला प्रोग्रामर आणि चांगला लेखक एकाच माणसात मागणं जड गेलं असावं.

मराठी घरांपर्यंत हा प्रश्न पोचला तो वायटूकेच्या, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांत तारखा चुकण्याच्या धोक्याच्या, निमित्ताने. जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवण्याची सवय जुन्या कोबोलला लागली होती. शतक बदलायच्या आधी ते प्रोग्राम तपासायचं काम मुंबई-पुण्यातल्या कितीतरी प्रोग्रामरांकडे आलं. दुसऱ्या देशात, दुसऱ्या दशकात लिहिलेला परक्याचा कोड वाचायचा आणि त्यातली तारीख शोधायची. ‘डेट’ नाव असलेली व्हेरिएबल पटकन सापडत. दोनतीन अक्षरांच्या नावाआड लपलेलं साल शोधायला मात्र आकड्यांचा माग काढत फाईलमागून फाईल उलगडावी लागे.

दुरुस्तीचा एक स्वस्त मार्ग होता: दोन आकडी सालासाठी एक सीमा धरायची. ५० पेक्षा लहान आकडा आला तर २०००चं शतक, नाहीतर १९००चं. कर्जाच्या शेवटच्या हप्त्याला ही सीमा चालून जाते. जन्मसालाला चालत नाही, कारण १९३५ साली जन्मलेला खातेदार २०३५ मध्ये जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक ठिकाणची सीमा वेगळी ठरवावी लागे, आणि त्यामागे माहितीचा नीट विचार असे. तो विचार शेजारी दोन ओळींत उतरवला नसेल, तर पुढच्या माणसाला कोडमध्ये फक्त ५० हा आकडा दिसतो.