‘फिट आली’ आणि ‘फिट येते’

जुलैतली गोष्ट. चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती, पंचगंगा चढत होती आणि कोल्हापुरात, गंगावेशीत माझ्या बहिणीचं दीड वर्षाचं पोरगं सकाळपासून किरकिरत होतं. दुपारी त्यानं एकदम डोळे फिरवले, अंग ताठ झालं, हातपाय झटके द्यायला लागले. शेजारच्या काकू हुंगवायला चप्पल घेऊन धावल्या, सासूबाईंनी कांदा फोडला. मग आपोआप सगळं थांबलं आणि पोरगं झोपलं. अंग नुसतं भाजत होतं. ताप आलाय, हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फिरली, ‘पोराला फिट येते म्हणं.’

फिट आली होती, हे खरं. फिट येते, हे कुणी ठरवलं? पहिलं म्हणजे त्या दुपारची घटना, दुसरं म्हणजे आजार. तो आजार अपस्मार, कुणी फेफरं म्हणतं, कुणी मिरगी.

पंचाईत अशी, की बघणाऱ्याला तापातली फिट आणि अपस्मारातली फिट सारखीच दिसते. फरक असतो तो मेंदूला कशानं डिवचलं यात. तापातली आकडी साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयात येते. मेंदू अजून वाढत असतो, ताप त्याला झेपत नाही. शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते, बऱ्याचदा घरात आई, बाप किंवा काकालाही लहानपणी आलेली असते. अपस्मारात ताप लागत नाही. खेळताना, झोपेत, काही कारण नसताना फिट येते. अशा विनाकारण दोन फिट्स चोवीस तासांहून जास्त अंतरानं आल्या, की डॉक्टर सहसा अपस्मार म्हणतात. पुढची येण्याची शक्यता फारच दिसत असेल, तर एकीवरही म्हणतात. (तापात थंडी वाजून हुडहुडी भरते, ती या दोन्हींत नाही. हुडहुडीत मूल शुद्धीवर असतं, हाक मारली की बघतं.)

आता सगळ्यांच्या पोटात गोळा आणणारा प्रश्न: तापातल्या फिटमधून पुढं अपस्मार होतो का? एरवी शंभरातल्या साधारण एका मुलाला पुढं अपस्मार होतो. तापातली साधी फिट आलेल्यांत तेच प्रमाण एक ते दोन. साधी म्हणजे पूर्ण अंगाला आलेली, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली आणि चोवीस तासांत परत न आलेली. एकाच बाजूचे हातपाय उडाले, फिट लांबली किंवा त्याच दिवशी परत आली, तर धोका वाढतो. मुलाची वाढ आधीपासून मागं असेल किंवा आईबाप, भावंडांत कुणाला अपस्मार असेल, तरीही वाढतो. अशा दोनतीन गोष्टी एकत्र आल्या, तर तो शंभरात दहाच्या घरात जातो. म्हणजे तेव्हाही बहुतेक मुलं सुटतात.

म्हणून डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, किती वेळ चालली? बहीण म्हणाली, ‘अर्धा तास तरी.’ तिला तसंच वाटलं असणार. पण दाजींनी फिट सुरू होताच मला फोन लावला होता आणि ‘थांबली, थांबली’ म्हणत ठेवला होता. मोबाइलमध्ये तो कॉल दोन मिनिटं चौदा सेकंदांचा निघाला.

दाजींचं म्हणणं, ‘एकदाचा ईईजी काढून टाकू.’ ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. साध्या फिटनंतर धडधाकट मुलाला तो लागत नाही, पुढं अपस्मार होईल का हे त्यावरून कळतही नाही. आणि बहीण रडत होती, की तापाचं औषध आधी दिलं असतं तर! पॅरासिटामॉलनं मुलाला बरं वाटतं, फिट मात्र टळत नाही. अपस्मारात रोजच्या गोळ्या असतात, बहुतेकदा कमीत कमी दोन वर्षं. तापातल्या फिटला तसं रोजचं औषध सहसा लागत नाही. वारंवार येणाऱ्यांना काही डॉक्टर तापाचे दोनतीन दिवस क्लोबाझाम हे फिट रोखायचं औषध देतात, तेवढंच.

फिट चालू असताना मुलाला कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, पाणी, बोट काही नको. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, टाळू फुगली असेल, मान ताठ असेल किंवा फिटनंतर मूल शुद्धीवर येत नसेल, तर घड्याळही बघू नका, थेट दवाखाना; तो मेंदूज्वर असू शकतो. ज्योतिबाचा अंगारा लावायचा तर दवाखान्याच्या वाटेवर लावा.

गल्लीतल्या त्या ‘येते’ला मी एवढी का चिडले? कारण तो शब्द सोयरीक ठरेपर्यंत माणसाच्या मागं येतो. अपस्मार असला म्हणूनही सोयरीक अडायचं कारण नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत अपस्मार होता, तो 1999 मध्ये काढला. गल्ली अजून जुनाच कायदा चालवते.

गणपतीत पोराला परत ताप आला, परत फिट आली. तापातली फिट तीनातल्या एका मुलाला पुन्हा येतेच. या वेळी बहिणीनं त्याला कुशीवर घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. दीड मिनिट.

काकू दारातून म्हणाल्या, ‘अजून येते व्हय गं?’

‘ताप आलावता, आली,’ ती म्हणाली आणि थर्मामीटर शोधायला आत गेली.