उद्धरण-प्रभाव (चेताविज्ञान)

संशोधकाच्या लेखांचा आधार इतर संशोधकांनी आपल्या लेखांत किती वेळा घेतला, यावरून त्याच्या कामाचा वापर मोजण्याची रीत. पुण्यातील प्रयोगशाळांत ‘सायटेशन’ (उद्धरण, म्हणजे घेतलेला आधार) आणि ‘एच-इंडेक्स’ (उद्धरणांवरून काढलेला एक आकडा) हे शब्द रूढ आहेत. नेमणूक, बढती, अनुदान अशा अर्जांत हे आकडे अनेकदा मागितले जातात.

उद्धरणांची सूची करण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. एच-इंडेक्स बराच नंतरचा. तो सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या लेखांना प्रत्येकी किमान तितकीच उद्धरणे मिळाली, ती संख्या म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एखाद्या संशोधिकेच्या पाच लेखांना अनुक्रमे ४०, २२, ९, ४ आणि १ उद्धरणे मिळाली. किमान चार उद्धरणे असलेले लेख चार, म्हणून तिचा एच-इंडेक्स ४. पहिल्या लेखाची उद्धरणे उद्या चार हजार झाली तरी हा आकडा हलणार नाही. शिवाय तो कधी घटत नाही. त्यामुळे निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाची नुकत्याच पीएच.डी. झालेल्या मुलीशी त्यावरून तुलना करणे निरर्थक ठरते. ती तुलना सर्रास होते, हा भाग निराळा. उद्धरणे मोजणाऱ्या संकेतस्थळांपैकी गूगल स्कॉलर प्रबंध आणि पूर्वप्रकाशनेही (तज्ज्ञांनी तपासण्याआधी जाहीर केलेले लेख) मोजते, स्कोपस मुख्यतः निवडक नियतकालिके पाहते. म्हणून एकाच व्यक्तीचे दोन ठिकाणी दोन आकडे दिसतात.

चेताविज्ञानात, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासात, हे आकडे वाचताना कामाचा प्रकार पाहावा लागतो. काचेच्या बारीक नळीचे टोक पेशीच्या पटलाला चिकटवून आयन-मार्गिकेतील (विद्युतभारित कणांच्या पटलातील वाटेतील) सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याच्या ‘पॅच क्लॅम्प’ तंत्राचे सुधारित रूप १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते तंत्र वापरणारा जो-तो त्या लेखाचा हवाला देत गेला आणि तो या क्षेत्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक झाला. त्यामागच्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांना १९९१ चे नोबेल मिळाले. पद्धतीचा लेख असा भराभर मोजला जातो; नव्या कल्पनेला वेळ लागतो. उंदराला आपण कुठे आहोत हे कळवणाऱ्या ‘स्थान-पेशीं’वरचा जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांचा १९७१ चा लेख जेमतेम काही पानांचा होता. ओकीफ यांना नोबेल मिळाले २०१४ मध्ये.

मोठा आकडा म्हणजे खरेपणाची हमी नव्हे. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशाचा संबंध अमिलॉइड प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपाशी जोडणारा ‘नेचर’मधील २००६ चा लेख दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला. त्यातील प्रतिमांमध्ये फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या अठरा वर्षांतली उद्धरणे मात्र मोजणीत आहेत तशीच आहेत.

मराठी नावांची अडचण वेगळीच. कुणी वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लावते, कुणी नुसती आद्याक्षरे देते, लग्नानंतर आडनाव बदलते. मग एकीचेच लेख दोन नावांखाली विखुरतात. उलट, एकाच आद्याक्षराच्या जोशी-कुलकर्ण्यांची कामे एकाच खात्यात गोळा होतात. २०१२ पासून मिळणारा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक हा त्यावरचा उपाय आहे, पण तो प्रत्येक लेखावर आठवणीने घालावा लागतो.

उंदरांच्या गंधज्ञानावर काम करणारी प्रयोगशाळा पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (स्थापना २००६) आहे. जीवशास्त्रातील प्रथेप्रमाणे अशा ठिकाणच्या लेखांत मुख्य प्रयोग करणारा विद्यार्थी पहिला लेखक असतो आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा. मधल्या नावांचा वाटा किती, हे एच-इंडेक्स सांगत नाही. सगळ्यांच्या खात्यावर उद्धरण पूर्ण चढते.

प्रकाशनांच्या दर्जाच्या वादात पुण्याचा वाटा मोठा आहे. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी जी नियतकालिके त्यांनी तपासली, त्यांतली ८८ टक्के निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके यादीतून वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील नियतकालिके तपासणाऱ्या कक्षाच्या मदतीने चांगल्या नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी २०१९ मध्ये सुरू झाली. दरम्यान, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढली. २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली आणि नियतकालिकांची पारख संस्थांवर सोपवण्यात आली.