वीस जणांचा दोर, तिघांचं डोकं

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं, हिंगोली जिल्ह्यात, एका विहिरीतली मोटर गाळात रुतली. दोराला वीस जण लागले अन् कडेवर उभं राहून सांगणारे वेगळेच, "आबा हिकडून वढा", "न्हाई दाजी, आधी ढिला सोडा", अर्धा तास गेला पण मोटर जागची हलली नाही.

मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती इंजिनियरनं लोकांना असाच दोर ओढायला लावून जोर मोजला होता, ते १९१३ ला छापून आलं. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर एकट्यानं ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. सगळ्यांचा हिसका एकाच वेळी बसत नाही हे एक कारण. पण १९७४ ला अमेरिकेत माणसाच्या डोळ्याला पट्टी बांधून, मागं अजून लोक ओढायलेत असं खोटंच सांगितलं, तर त्या एकट्याचाही जोर कमी झाला! म्हणजे आळशी माणसं आली असं नाही, मनच आपोआप हात सैल सोडतं.

डोक्याच्या कामात तर अजून गुंता. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या दहा जोड्या होतात, वीस जणांत १९०. एक बोलत असला की बाकीच्यांनी थांबायचं अन् थांबता थांबता डोक्यात आलेलं निसटून जातं. डील अन् स्ट्रोबे या संशोधकांनी १९८७ ला दाखवलं की वेगवेगळं बसून विचार करून मग यादी एकत्र केली तर कल्पना जास्त निघतात.

मग लोक कमीच बरे का? तसं नाही, अन् मला हेच लई महत्त्वाचं वाटतं. २०१३ च्या एका प्रयोगात २, ४, ८ अन् १६ जणांच्या गटांना कॉम्प्युटरवर बाणाचं टोक अन् मासे धरायचं जाळं बनवायला दिलं. जाळ्याची किचकट रीत लहान गटांत बिघडत गेली, मोठ्या गटांत टिकली अन् सुधारली, कारण कुणाचं तरी चांगलं जमलेलं असतं अन् बाकीचे ते बघून उचलतात.

आमची मोटर शेवटी तिघांनी काढली. लिंबाखाली बसून त्यांनी ठरवलं, शेततळ्यातून पाइप लावून जोरात पाणी मारायचं अन् गाळ ढवळायचा. तासाभरात सुटली. ही आयडिया त्यातल्या एकानं जालन्याकडं बोअरच्या गाडीवर कामाला असताना बघितली होती.