जुन्या ऑटोमॅटिक टोयोटाची केबल: एका मिलिमीटरचं काम

१९८० आणि ९०च्या दशकातल्या बऱ्याच ऑटोमॅटिक टोयोटांमध्ये (ए४३डी, ए१४०, ए३४० या कुळातले गिअरबॉक्स) बोनेट उघडलं की थ्रॉटलपाशी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) दोन केबली दिसतात. एक पेडलवरून आलेली असते, दुसरी खाली गिअरबॉक्समध्ये जाते. या दुसरीला सगळे ‘किकडाउन केबल’ म्हणतात (किकडाउन म्हणजे पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडणं), आणि नावामुळेच गैरसमज होतो. तिचं मुख्य काम आहे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब ठरवण्याचं. पेडल जितकं दाबाल तितका व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाच्या झडपांच्या ठोकळ्यातला) कॅम फिरतो, दाब वाढतो आणि क्लच प्लेटा तितक्या घट्ट धरल्या जातात.

केबल सैल राहिली तर दाब कमी पडतो. गिअर लोण्यासारखे पडतात, मालक खूश असतो आणि आत प्लेटा घसरून जळत असतात. केबल जास्त ताणली तर प्रत्येक गिअरला झटका बसतो. तो त्रासदायक, पण सैल केबलइतका महाग नाही.

आधी पेडलची केबल तपासायची. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबावं, दुसऱ्याने बटरफ्लाय (थ्रॉटलमधली गोल झडप) पूर्ण उघडतोय का ते पाहावं. उघडत नसेल तर पाना हातात घेण्याआधी पेडलखालची मॅट काढा. दोन मॅट एकावर एक टाकलेल्या गाड्या कमी नाहीत. पेडल सोडल्यावर केबलला थोडी ढील हवी, नाहीतर आयडलिंग चढलेलं राहतं. पेडलची केबल नीट बसल्याशिवाय दुसरीला हात लावू नये.

गिअरबॉक्सच्या केबलच्या आतल्या तारेवर एक छोटा धातूचा मणी दाबून बसवलेला असतो. माप याच मण्याशी घ्यायचं: ० ते १ मिलिमीटर. पण कुठून? लांब रबरी टोपी असलेल्या जुन्या केबलीत पेडल पूर्ण दाबून, टोपीच्या टोकापासून मण्यापर्यंत. नंतरच्या अनेक मॉडेलांत थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून, बाहेरच्या आवरणाच्या टोकापासून मण्यापर्यंत, आणि तेव्हा आतली तार लोंबकळलेली नको. आकडा एकच, जागा वेगळी. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच ठरवा.

ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंचे लॉकनट ढिले करून बाहेरचं आवरण सरकवायचं. ते थ्रॉटलपासून दूर गेलं की केबल ताणते, जवळ आलं की सैल पडते. नट आवळताना माप हमखास हलतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. तार पकडीने धरू नका, एक धागा तुटला तरी ती पुढे अडकायला लागते. मणी सरकवून माप ‘जमवणं’ तर अजिबात नको.

ए१४०ई, ए३४०ई अशा ‘ई’वाल्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा ते कॉम्प्युटर ठरवतो, केबल फक्त दाब सांभाळते. तिथे गिअर उशिरा पडत असेल तर थ्रॉटल किती उघडलाय ते कॉम्प्युटरला सांगणारा थ्रॉटल पोझिशन सेन्सर तपासावा. केबल ओढून ते दुखणं जात नाही.

शिफ्ट केबलचं, म्हणजे गाडीतल्या गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलचं, काम सोपं. हँडब्रेक लावा, चाकांखाली ठोकळे ठेवा. गिअरबॉक्सवरच्या लिव्हरचा नट ढिला करून लिव्हर पी-कडच्या (पार्क) टोकापर्यंत ढकला, तिथून दोन खाचा मागे आणा: हा न्यूट्रल. गाडीतला दांडा एन-वर ठेवून हलकेच आर-कडे (रिव्हर्स) दाबून धरा आणि नट आवळा. नंतर गाडी फक्त पी आणि एन-मध्येच स्टार्ट होते ना, हे पाहा.

किकडाउन केबल नवीन टाकायची असेल तर खर्च वाढतो, कारण तिचं खालचं टोक व्हॉल्व्ह बॉडीत अडकवलेलं असतं. गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उतरवावा लागतो, म्हणजे गॅस्केट आणि तेलही आलं. कार्ब्युरेटर बदलताना ही केबल बसत नाही म्हणून कोणी बाजूला बांधून ठेवली असेल, तर गाडी आमच्या गॅरेजमध्ये चालवत आणू नका, टो करून आणा.

येण्याआधी गिअरबॉक्सचं तेल बघून ठेवा: गाडी गरम, सपाट जागा, इंजिन चालू, दांडा सगळ्या गिअरांतून फिरवून पी-वर. तेल लाल असेल तर केबलचं काम करू. काळं असेल आणि जळका वास येत असेल, तर केबलचे पैसे आम्ही घेणार नाही. आधी चेंबर उघडून प्लेटांचा चुरा पाहावा लागेल.