पितळातली बुजवलेली छिद्रे

जाणकार संग्राहकाच्या हाती सतराव्या शतकातले इंग्लिश लँटर्न घड्याळ आले, की तो आधी डोक्यावरची घंटा उतरवतो आणि तिच्याखालची पितळी पाटी उजेडाकडे धरून निरखतो. त्या पाटीवर पितळाच्याच खुंट्या ठोकून बुजवलेली छिद्रे किंवा निरुपयोगी झालेली एखादी खाच दिसली, तर घड्याळाची लय राखणारा भाग कधीतरी बदलला गेला आहे, हे त्याला कळते. मुळात जसे घडवले तसेच राहिलेले घड्याळ फार विरळा.

कंदिलासारखा घाट असलेले हे घड्याळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगले जाई आणि दोरीला लोंबणाऱ्या वजनांवर चाले. काटा एकच, तासाचा. दोन आकड्यांमधल्या जागेचे चार भाग पाडलेले, म्हणजे पाव तासापर्यंतचाच हिशेब. घंटेखाली एक तोलचक्र आडवे हेलकावत असे. दातेरी चाकाचा एक दात त्याच्या आसावरच्या पात्याला ढकलून त्याला एका बाजूला वळवी, तर समोरचा दात दुसऱ्या पात्याला भिडून त्याला परत फिरवी. या चक्राला स्प्रिंग नव्हती, म्हणजे मूळ जागी परत आणणारे स्वतःचे असे कोणतेही बल त्याच्यापाशी नव्हते. त्याची लय दात किती जोराने ढकलतो यावरच ठरे. थंडीने तेल घट्ट झाले किंवा घर्षण वाढले, की तो जोर बदले आणि त्याबरोबर वेळही बदले. अशा घड्याळाला मिनिटाचा काटा लावणे म्हणजे लाकडाच्या वखारीत सोनाराचा काटा टांगण्यासारखेच होते.

क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1656 साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि 1658 साली लंडनमध्ये अहॅस्युरस फ्रोमँटील यांनी तशा घड्याळांची जाहिरात दिली. लंबकाला गुरुत्वाकर्षण सतत मधल्या स्थितीकडे खेचते, त्यामुळे त्याची लय मुख्यतः त्याच्या लांबीवर अवलंबून राहते. पुढे 1670 च्या सुमारास दातेरी चाकाचे दात आळीपाळीने अडवणारी आणि सोडणारी, नांगराच्या आकाराची अँकर यंत्रणा आली. तिच्यामुळे झोका लहान झाला आणि लांब लंबक वापरता आला. सुमारे 99.4 सेंटिमीटर लांबीचा लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला एक सेकंद घेतो. हा लाभ पाहून मालकांनी जुन्या घड्याळांतली तोलचक्रे काढून लंबक बसवून घेतले; ती बुजवलेली छिद्रे याच बदलाची खूण. एकोणिसाव्या शतकात तर काहींची आतली सगळी यंत्रणा उपटून तिथे स्प्रिंगवर चालणारी, दोन काट्यांची यंत्रणा घातली गेली.

एखादा भाग मूळचा की नंतरचा, हे पितळच सांगते. त्या काळी इंग्लंडमध्ये तांबे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवून पितळ करत. जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि जस्ताचे प्रमाण साधारण 30 टक्क्यांच्या आसपास अडे. धातुरूप जस्त गाळण्याचे पेटंट तिथे विल्यम चॅम्पियन यांना 1738 साली मिळाले. (राजस्थानातल्या झावर येथे हे काम त्याच्या कित्येक शतके आधीपासून चालू होते.) त्यामुळे क्ष-किरणांच्या तपासणीत एखाद्या चाकात 37 टक्के जस्त आढळले, तर ते सतराव्या शतकातले म्हणून विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

पितळ लखलखीत करण्याच्या हौसेला मात्र आवर घालावा. घड्याळजी वापरतात त्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो आणि ठोकून घडवलेल्या, आत ताण साठलेल्या पितळाला तो तडे पाडू शकतो. या दोषाची ओळख पटली ती भारतातच: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे आपोआप चिरत असत आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण होता, हे 1921 साली स्पष्ट झाले.

अँकर काढून तिथे नवे तोलचक्र बसवावे का, यावर संग्राहकांत मतभेद आहेत. माझ्या मते 1700 च्या सुमारास केलेला बदल हा आता घड्याळाच्या आयुष्याचाच भाग आहे. झिजून लंबगोल झालेल्या आसाच्या छिद्रात नवे बुश (आसाला आधार देणारी छोटी पितळी नळी) बसवणे गरजेचे असते, तेवढे करावे. ते करतानाही पाटीवरचे कानशीचे जुने ओरखडे घासून काढू नयेत आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी बांधून घड्याळासोबतच ठेवावा.