काळा लेप दिलेला चाकू गंजत नाही, हा समज चुकीचा आहे

सह्याद्रीत फिरणाऱ्या पुण्यातील अनेकांच्या मनात असा समज पक्का बसला आहे की, काळा लेप दिलेला चाकू घेतला की गंजाची चिंता मिटते आणि तेल लावण्याची गरज उरत नाही. हे खरे नाही. लेप पात्याच्या अंगावर असतो, धारेवर नसतो. धार बहुधा लेपानंतरच काढली जाते, आणि तसे नसले तरी पहिल्याच पाजवणीत ती उघडी पडते. अशा चाकूंसाठी बऱ्याचदा वापरल्या जाणाऱ्या १०९५ या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असतो, पण स्टेनलेससाठी किमान १०.५ टक्के लागणारे क्रोमियम जवळजवळ नसतेच. त्यामुळे पावसाळ्यात राजगडावर मुक्कामी लिंबू कापून चाकू न पुसता म्यानात सरकवला, तर सकाळी धारेलगत नारिंगी रेघ दिसते आणि तिच्यावरून कापड फिरवले की डाग कापडाला लागतो.

सगळे लेपही सारखे नसतात. पावडर कोटिंग, म्हणजे पूड फवारून भाजून बसवलेला थर, जाड असते, पण लाकूड फोडताना खरवडले जाते. ब्लॅक ऑक्साइड, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने पोलादावरच आणलेला पातळ काळा थर, तर सच्छिद्र असते आणि तेलाविना ते फारसे रक्षण करत नाही. चामड्याचे म्यान ओल धरून ठेवते, म्हणून घरी चाकू त्यात ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. चाकू धुऊन, मुठीजवळच्या खाचेपर्यंत कोरडा पुसावा आणि धारेवर खाद्योपयोगी मिनरल ऑइलचा पातळ हात फिरवावा. खरवडलेल्या जागाही त्यातून सोडू नयेत.