पंधरा एप्रिलपर्यंतचे पाहुणे

क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हिवाळा १५ सप्टेंबरला सुरू होतो आणि १५ एप्रिलला संपतो. थर्मामीटर काहीही सांगो. सप्टेंबरच्या मध्यावर ॲरिझोनाच्या या पश्चिम टोकाला दुपारचा पारा चाळिशीच्या घरात असतो, आणि फेब्रुवारी सरता सरता ब्रिटलबुशच्या पिवळ्या फुलांनी टेकड्या रंगू लागतात. म्हणजे मुक्कामाचे शेवटचे दीड-दोन महिने खरे तर वसंतातच जातात. तरी इथल्या सरकारी जमिनीवर राहण्याच्या परवान्याच्या भाषेत हा सगळा हिवाळी हंगामच. मार्च उलटला की आरव्हींच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांच्या, चाकांखालचे लाकडी ठोकळे निघू लागतात, दारापुढच्या कनाती गुंडाळल्या जातात, आणि जानेवारीत माणसांनी फुगलेले गाव पुन्हा आपल्या मूळ वस्तीवर, अडीच हजारांच्याही खाली, येऊ लागते.

अमेरिका-कॅनडातले निवृत्त लोक थंडीत वाळवंटात का येतात, याला ‘ऊन’ हे उत्तर सगळेच देतात. ते खोटे नाही, अपुरे आहे. ऊन तिथे कायमच होते. कोणी कुठे उतरायचे, किती दिवस राहायचे आणि राहणाऱ्याला म्हणायचे काय, हे ठरवणारे नियम मात्र अलीकडचे आहेत. हंगामाला आजचा आकार उन्हापेक्षा या नियमांनी दिला, असे माझे मत.

फार मागे जायचे तर इथे एक विहीर होती आणि तिच्या आधाराने टपाल-गाड्यांचा एक थांबा होता. १८५० च्या दशकात लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणून पाहिले. प्रयोग फसला. उंटांबरोबर ऑटोमन मुलखातून आलेला एक उंटवाला मात्र मागे राहिला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे, वर तांब्याचा उंट. गावाच्या नावात ‘क्वार्टझाइट’ या दगडाच्या नावापेक्षा एक ‘स’ जास्त आहे, तो टपाल खात्याच्या चुकीमुळे, असे सांगतात.

त्यानंतरचे पाहुणे खोकत आले. क्षयावर औषध नव्हते तेव्हा कोरडी हवा हाच उपाय मानला जाई, आणि ॲरिझोनातल्या फिनिक्स शहराच्या कडेने रोग्यांचे तंबू पडत. १९२० च्या दशकात श्रीमंतांसाठी मोठी हॉटेले उभी राहिली. मध्यमवर्गीय म्हातारपण वाळवंटात यायला पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली. त्याआधी १९३५ चा पेन्शनचा कायदा व्हावा लागला, घरोघरी कूलर आणि मग एसी यावा लागला, आणि १९५६ नंतर देशभर मोठे महामार्ग बांधले जावे लागले.

आज या पाहुण्यांचे दोन प्रवाह दिसतात, ते इथूनच फुटले. एक घरवाल्यांचा. १९५४ मध्ये फिनिक्सजवळ यंगटाउन ही केवळ वयस्कांसाठीची वसाहत सुरू झाली. (म्हाताऱ्यांच्या गावाला हे नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.) शेजारीच १ जानेवारी १९६० ला सन सिटी खुली झाली. न्यूयॉर्कच्या एका नामांकित बेसबॉल संघात निम्मी मालकी असलेल्या बिल्डरने गोल्फचे मैदान, दुकाने आणि करमणुकीचे केंद्र आधी बांधले, घरे नंतर विकायला काढली. पहिल्या तीन दिवसांत लाखभर लोक नुसते बघायला आले.

दुसरा प्रवाह चाकांवरचा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे, आणि विंचवांच्याच मुलखात. हे लोक सरकारी वाळवंटात कुठेही गाडी लावत. दगड-गोटे गोळा करण्याचा नाद असलेल्यांची संख्या मोठी होती. गावकऱ्यांनी ते हेरून १९६७ मध्ये रत्नांचे आणि खनिजांचे प्रदर्शन भरवले. ते वाढत गेले, पुढे जानेवारीत आरव्हींचेही प्रदर्शन सुरू झाले आणि रस्त्याकडेचे थांब्याचे ठिकाण बाजारपेठ होऊन बसले.

इथून पुढे गुंता सुरू होतो, आणि त्यासाठी जरा थांबावे लागेल.

ज्या जमिनीवर या गाड्या उभ्या राहत होत्या ती केंद्र सरकारची. १९७६ च्या कायद्याने ठरले होते की अशी जमीन साधारणपणे वाटून टाकायची नाही, सरकारकडेच ठेवायची आणि सर्वांच्या नाना प्रकारच्या वापरासाठी सांभाळायची. सर्वांची जमीन म्हणजे कोणा एकाची नाही. म्हणून मुक्कामाला मर्यादा : एका जागी १४ दिवस. २८ दिवसांच्या काळात १४ भरले की निदान २५ मैल, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, लांब जायचे. संन्याशाने एका गावी फार दिवस राहू नये, चातुर्मास तेवढा अपवाद, हा आपल्याकडचा जुना दंडक आठवावा असाच हा नियम आहे. फक्त तिथे भीती जागेच्या मोहाची, इथे जागेच्या मालकीची.

निवृत्त माणसांना चौदा दिवसांचा हिशेब परवडणारा नव्हता. त्यांना हिवाळा काढायचा होता. दर पंधरवड्याला गाडी, जनरेटर, पाण्याची पिंपे, कुत्रा आणि शेजारी, सगळे उचलून चाळीस किलोमीटर न्यायचे? अनेक जण नेतच नसत. नियम होता, पाळणारे थोडे, आणि पाळायला लावणारे त्याहून थोडे. सांडपाणी वाळूत सोडले जाई, नव्या चाकोऱ्या पडत. हे नुकसान वाटते तसे किरकोळ नाही. इथल्या जमिनीवर बारीक खड्यांचा घट्ट थर असतो. तो एकदा मोडला की भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. याच वाळवंटात १९४२ ते १९४४ दरम्यान रणगाड्यांचा सराव झाला होता. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा अजून दिसतात.

जमीन सांभाळणाऱ्या खात्यापुढे दोन सरळ वाटा होत्या : चौदा दिवसांचा नियम दंडुक्याने पाळायला लावायचा, किंवा डोळेझाक चालू ठेवायची. १९८३ मध्ये खात्याने तिसरीच काढली. काही पट्टे आखून दिले, तिथे सप्टेंबर ते एप्रिल राहायला परवाना दिला आणि बाकीच्या वाळवंटात १४ दिवसांचा नियम तसाच ठेवला. असे पट्टे ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात मिळून सात. क्वार्टझसाइटच्या दक्षिणेला लागून असलेला ला पोसा हा त्यांतला सर्वांत गजबजलेला, ११,४०० एकरांचा. त्यात एका भागात पाणी, कचऱ्याची सोय, सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा. वीज नाही, आखलेले प्लॉट नाहीत. दोन बिऱ्हाडांत १५ फूट अंतर ठेवा, सांडपाणी जमिनीवर सोडू नका, परवान्याचे स्टिकर काचेवर लावा, एवढेच. हंगामाचा परवाना बरीच वर्षे १८० डॉलरला मिळत आला आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हे २१३ दिवस होतात. दिवसाला ८५ सेंटही पडत नाहीत.

आता या पट्ट्यांना नाव काय द्यायचे? खात्याने दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘दीर्घकालीन पाहुण्यांचे क्षेत्र’. हा शब्द फार जपून घडवलेला आहे. ‘रहिवासी’ म्हटले असते तर सरकारी जमिनीवर वस्ती करू दिल्याची कबुली झाली असती, आणि तशी वस्ती हा कायद्याने गुन्हा. नुसते ‘पाहुणे’ म्हटले तर चौदा दिवसांत उठवावे लागले असते. म्हणून सात महिने राहणारा, तरीही पाहुणाच. आपल्याकडे सात महिने मुक्काम ठोकणाऱ्याला पाहुणा म्हणत नाहीत, वेगळे काहीतरी म्हणतात. पण कायद्याच्या दृष्टीने या एका शब्दावर सगळी सोय उभी आहे. १५ एप्रिलनंतर निघणे हे त्या पाहुणेपणाचे प्रमाण. माणूस उन्हाने नव्हे, शब्दाने उठवला जातो.

निर्णयावर टीका दोन्हीकडून झाली, आजही होते. आरव्ही पार्क चालवणाऱ्यांचे म्हणणे, आम्ही कर भरून, नळ आणि वीज देऊन महिन्याला शेकडो डॉलर घेतो, आणि शेजारी सरकार जवळपास फुकटात जागा देते. निसर्गाची काळजी करणाऱ्यांचे म्हणणे, ११,४०० एकर बळी दिले. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला हिवाळाभर हक्काने गाडी लावता येईल अशा जागा त्या देशात फार नाहीत, हेही लिहायला हवे. कॅलिफोर्नियात नायलँडजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी तळाच्या उरलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवर लोक राहतात. तिथे भाडे नाही, परवाना नाही आणि नळही नाही. १९८३ चा निर्णय झाला नसता तर सगळीकडे तसेच झाले असते, असा माझा अंदाज.

लोकांच्या तोंडी असलेला शब्द मात्र वेगळा : स्नोबर्ड. मराठीत कोणी त्याचे ‘हिमपक्षी’ करते. ते उलटे वाटते, कारण ही माणसे हिमाला पाठ दाखवून पळणारी. मूळ इंग्रजीतही घोळ आहेच. खरा स्नोबर्ड म्हणजे बर्फाबरोबर अंगणात दिसू लागणारा एक करडा छोटा पक्षी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, थंडीपुरते लष्करात भरती होऊन जेवण-कपडे मिळवायचे आणि वसंतात पळून जायचे, अशा शिपायांना हा शब्द लागला. मग काही काळ कोकेनच्या व्यसनींना, मग थंडीत दक्षिणेत काम शोधणाऱ्या मजुरांना. पेन्शनरांच्या वाट्याला तो शेवटी आला. म्हणूनच काही वयस्कांना तो अजून आवडत नाही आणि दुकानांच्या पाट्यांवर ‘हिवाळी पाहुण्यांचे स्वागत’ असे सभ्य लिहिलेले असते.

कॅनडातून येणाऱ्यांचा दिवसांचा हिशेब आणखी वेगळा. साधारणपणे त्यांना अमेरिकेत सहा महिने राहता येते. मुलांकडे जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांच्या पासपोर्टवर जो सहा महिन्यांचा शिक्का बसतो, तीच ही पाहुण्यांची मुदत. म्हणजे २१३ दिवसांचा परवाना विकत घेतला तरी तो पूर्ण वापरता येत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सरकारी आरोग्यसेवेचा हक्क टिकवायचा तर बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही. शिवाय अमेरिकेचे प्राप्तिकर खाते निराळीच बेरीज करते : यंदाचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीच्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याआधीच्या वर्षाचा सहावा. उत्तर १८३ आले की तुम्ही करापुरते तिथलेच ठरू शकता. दरवर्षी १२२ दिवस राहण्याची सवय असेल तर बेरीज नेमकी १८३ येते. मग घरदार, बँक, गाडीचा परवाना सगळे कॅनडात आहे असा फॉर्म भरून द्यायचा. २०१९ पासून जमिनीवरची ये-जा दोन्ही सरकारे एकमेकांना कळवतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. डायरी ठेवावी लागते. कॅनडाच्या नागरिकांना २४० दिवस द्यावेत, अशी विधेयके वॉशिंग्टनमध्ये पुन्हा पुन्हा मांडली गेली आणि पडून राहिली.

घरवाल्यांकडेही दिवस मोजले जातातच, फक्त नातवंडांचे. सन सिटीत १९ वर्षांखालच्याला वर्षाला ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. १९९५ च्या केंद्रीय कायद्यानुसार निदान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरचा एक तरी माणूस असेल तर वसाहतीला वयाची अट ठेवता येते. यंगटाउनने ही अट १९९८ मध्ये गमावली. निमित्त होते घरातले हाल टाळून आजी-आजोबांकडे राहायला आलेला एक किशोरवयीन नातू. गावाने त्याला घालवायला सांगितले, प्रकरण राज्याच्या कायदा अधिकाऱ्यांपर्यंत गेले, आणि गावाची अट कागदोपत्री नीट उभीच नव्हती असे निघाले. वयस्कांची पहिली वसाहत आता सर्वांसाठी खुली आहे.

अलीकडची वर्षे धावपळीची गेली. २००८ च्या मंदीत फिनिक्सची घरे कोसळली, कॅनडाचा डॉलर वधारलेला होता, तेव्हा तिथल्या निवृत्तांनी मोठ्या संख्येने घरे घेतली. २०१६ च्या जानेवारीत तोच डॉलर ७० अमेरिकी सेंटच्या खाली गेला, आणि काहींनी ती विकली. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन हंगामाच्या शेवटी, सीमा बंद होणार म्हणून गाड्यांच्या रांगा उत्तरेला निघाल्या. ११ एप्रिल २०२५ पासून ३० किंवा जास्त दिवस राहणाऱ्या आणि जमिनीवरून आलेल्या कॅनडियनांनाही सरकार-दप्तरी नोंद करावी लागते. दोन देशांच्या व्यापारी भांडणात त्या वर्षी कॅनडातून येणाऱ्या गाड्याही बऱ्याच घटल्या.

जे येतात त्यांचा वसंतातला दिनक्रम मात्र फारसा बदललेला नाही. मार्चमध्ये फिनिक्सकडे बेसबॉलचे सराव सामने : पंधरा संघ, जवळ बसून पाहायला मिळतात. सीमेजवळच्या युमाकडचे लोक पलीकडे मेक्सिकोतल्या अल्गोदोनेसला जाऊन दात करून घेतात, कारण वयस्कांच्या सरकारी विम्यात दातांचे बहुतेक उपचार बसत नाहीत. दातांच्या दवाखान्यांनीच ते गाव भरलेले आहे. परततानाही सगळे एकदम घरी जात नाहीत. उत्तरेला अजून बर्फ असतो, म्हणून काही जण आधी ॲरिझोनातल्याच उंचावरच्या गावांकडे सरकतात आणि पारा चढेल तसे वर जात राहतात.

मागे राहणाऱ्यांची सोयही दरपत्रकात आहे. १६ एप्रिलपासून त्याच जागेला दिवसाला १५ डॉलर पडतात, आणि मुदत पुन्हा १४ दिवसांची होते.